सासूबाईंना न दाखवलेली सीडी

अशोक,

परवा तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक पांगले, खुर्च्या एकावर एक चढल्या, आणि वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावून एक कापडी पिशवी हातात दिली. तुझे रिपोर्ट, फिल्मा, सीड्या, सगळं त्यात कोंबलेलं. "हे तुमच्या कामातलं आहे, भाऊजी. काय ठेवायचं, काय टाकायचं ते तुम्हीच बघा. मला आता हे घरात नको." मी पिशवी घेतली आणि निघालो. चप्पल घालताना पिशवी छातीशी धरली.

विहाराच्या मंडळाने माझ्याकडे तुझ्यावर चार शब्द लिहून मागितलेत, रविवारी वाचायला. जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीला कधी लागलास, हे सगळं पत्रिकेत छापून झालंय. ते मी पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याशीच बोलायचंय, आणि एक गोष्ट कबूल करायचीय. ती चारचौघांत वाचायची की नाही, ते लिहून झाल्यावर बघू, असं म्हणून परवा रात्रीच हा कागद घेऊन बसलो.

पिशवीत पाच सीड्या निघाल्या. त्यातल्या एकीवर माझं अक्षर होतं. तुझं नाव, वय चोपन्न, पोटाचा सीटी स्कॅन. तीच ती, मुंबईला न उघडलेली. मी ती खिडकीशी नेली आणि तू शिकवलंस तशी उजेडाला तिरकी धरून फिरवली. मग चष्मा पुसून पुन्हा फिरवली. तिच्यावर एकही स्क्रॅच नाही, अशोक. तुलाही हे माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. आपण दोघांनी पाच महिने हे एकमेकांपासून लपवलं, आणि तू मधेच उठून गेलास.

वीस वर्षं आपण त्या स्कॅन सेंटरमध्ये शेजारी शेजारी बसलो. पेशंट आत मशीनमध्ये जायचा, डॉक्टर मॅडम रिपोर्ट लिहायच्या, आणि त्या स्कॅनची सीडी करून पेशंटच्या हातात द्यायचं काम तुझं नि माझं. लोकांना वाटायचं, यात काय एवढं, चकती घातली आणि बटण दाबलं. मलाही आधी तसंच वाटायचं. मी जेलरोडला एका व्हिडिओ शूटिंगवाल्याकडे लग्नाच्या सीड्या काढून आलेला माणूस. एका दमात वीस-वीस सीड्या काढायचो, सगळ्यात वरचा स्पीड लावून. ते दुकान बंद पडलं आणि तू मला सेंटरवर चिकटवलंस. पहिल्याच दिवशी मी सवयीने फुल स्पीड लावला, तर तू मागून येऊन माझ्या हातातला माउस काढून घेतलास.

"दिल्या, लग्नाची सीडी अडकली तर लोक म्हणतील शूटिंगवाला टुकार होता. ही अडकली तर काय होईल, सांग."

"काय होणार? पेशंट परत येईल."

"कुठून परत येईल?" एवढंच विचारून तू तुझ्या खुर्चीवर जाऊन बसलास.

कुठून, ते मला दोन महिन्यांत कळलं. चांदवडकडच्या एक बाई आल्या. सोबत डोक्याला फडकं गुंडाळलेला नवरा, हातात आपल्या सेंटरचं पाकीट. "भाऊ, ही चकती तिकडं लागंच ना. डाक्टर म्हनं हिच्यात कायबी नाय. लय लांबून गेलतो हो आम्ही, यांना घेऊन." सीडी माझी होती. तू सुट्टीवर असताना मी घाईघाईत फुल स्पीडवर राइट केलेली. माझ्या कॉम्प्युटरवर ती झकास उघडत होती, म्हणून मी त्या बाईंशी जरा वरच्या आवाजात बोललो. बघा ना, दिसतंय की, तिकडच्यांनाच लावता येत नसेल. तू त्यांना पाणी दिलंस, दुसरी सीडी हळू स्पीडवर केलीस, पण ती मॅडमच्या कॉम्प्युटरवर बघेपर्यंत त्यांची एसटी निघून जाईल म्हणून त्यांना म्हणालास, तुम्ही जा, मी आणून देतो. आणि रविवारी खरंच चांदवडला जाऊन देऊन आलास. येताना अर्धं पोतं कांदे घेऊन आलास, त्यातले निम्मे माझ्या दारात ठेवलेस. मला एका शब्दाने बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं.

त्या सोमवारी तू भंगारच्या खोलीतून तो पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर काढलास. धूळ झटकलीस, ड्राइव्हची काच साफ केलीस आणि तो आपल्या टेबलाच्या कोपऱ्यात मांडलास. त्याचा ड्राइव्ह इतका म्हातारा आणि इतका खडूस, की सीडीत जराशी खोट असली तरी घरघर करून तोंड फिरवायचा. तू त्याचं नाव ठेवलंस सासूबाई.

"राइट केलेली प्रत्येक सीडी आधी सासूबाईंना दाखवायची," तू म्हणालास. "ज्या मशीनवर लिहिली त्याच मशीनला विचारून उपयोग नाही. आई आपल्या पोराला कधी वाईट म्हणेल का? सासूला विचार. तिने पास केली की जगात कुठंही चालेल."

मग तुझे बाकीचे नियम. सीडी राइट होत असताना त्या कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडायचं नाही, टेबलाला हातसुद्धा लावायचा नाही. मे महिन्यात पाच सीड्या झाल्या की ड्राइव्हला दहा मिनिटं विश्रांती. नाव लिहायचं ते मऊ मार्करने, बॉलपेनने मुळीच नाही. पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. तू वहिनींनासुद्धा सीडी कडेने कशी धरायची ते शिकवलं होतंस. त्या मला म्हणाल्या होत्या, "यांनी पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा एवढं जपून धरलं नव्हतं."

आपलं भांडण काय ते एकच होतं आणि ते वीस वर्षं पुरलं. बाहेर पंधरा पेशंट ताटकळलेले, आणि तू सासूबाईंच्या घरघरीपुढे हात जोडून बसलेला. मी वैतागायचो. म्हणायचो, अरे शंभरातल्या नव्व्याण्णव पास होतात, कशाला वेळ घालवतोस? तू म्हणायचास, मग ती एक कुणाला द्यायची ते तू ठरव. मी म्हणायचो, दोन वर्षांत सीड्या बंद होणार, सगळीकडे लिंक पाठवतात, मोबाइलवर स्कॅन दिसतो. आपले मालक दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी लिंकची सोय करू. तू म्हणायचास, सुरगाण्याच्या माणसाला लिंक काय करायचीय, त्याच्या पाड्यावर रेंज येते का? हे भांडण अजून मिटलेलं नाही. मालकांनी गेल्या आठवड्यात लिंकची माणसं बोलावली होती. मी त्यांना चहा पाजला आणि तुझी बाजू मांडली. तुझी बाजू मांडायला तू नसताना मला बरं सुचतं.

आता त्या संध्याकाळबद्दल.

तुझा स्कॅन आपल्याच सेंटरवर झाला. मी काचेआडून मॅडमचा चेहरा बघत होतो, आणि त्यांनी पडद्यावरून नजर काढायला फार वेळ लावला. स्वादुपिंडात गाठ. पण गाठ जागेवरच दिसतेय, मॅडम म्हणाल्या, लगेच मुंबईला दाखवा, ऑपरेशन होऊ शकेल. दुसऱ्या दिवशीची तिथल्या सर्जनची वेळ मिळाली. त्यांनी सांगितलं होतं, मागच्या वर्षीचा स्कॅन असेल तर तोही आणा. तो तू पुण्याला मुलीकडे गेलेला असताना तिथं केला होतास. त्याची सीडी अगदी पातळ, हलकी. तू ती बघून नाक मुरडलंस. "ही कुणी केलीय रे? सासूबाई हिला उंबऱ्यावर उभी करणार नाहीत."

तू पेशंटच्या बाकावर बसला होतास. डोळे पिवळे झालेले, शर्ट खांद्यावर सैल. वीस वर्षांत मी तुला त्या बाकावर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरांना दोन सीड्यांत शोधाशोध नको, नवा आणि जुना स्कॅन एकाच सीडीवर देऊ. म्हणून नवा स्कॅन राइट केला आणि सीडी बंद केली नाही. उघडी ठेवली, जुना त्यात भरता यावा म्हणून. तसं करायला एका चौकोनात टिक करावी लागते, ती मी केली. मग पुण्याची सीडी घातली. तीस टक्क्यांवर अडकली. काढली, मधून कडेकडे सरळ पुसली, पुन्हा घातली. पुन्हा तीस टक्के. ड्राइव्हची काच साफ केली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, स्पीड उतरवला. चार वेळा केलं. घाम फुटला मला.

तू बाकावरून म्हणालास, "सोड रे. जुनी तशीच नेतो. नवी दे." तुला घरी जाऊन पडायचं होतं, पहाटे उठून पंचवटी एक्सप्रेस पकडायची होती.

मी नवी सीडी माझ्या मशीनवर उघडून बघितली. उघडली. पाकिटात घालताना मी तुला विचारलं, "सासूबाईंना दाखवू का?"

आणि तू म्हणालास, "राहू दे. तू केलीस ना."

अशोक, खरं सांगतो, मला बरं वाटलं. वीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. तुझे डोळे पिवळे पडलेत, तू उद्या मुंबईला चाललायस, आणि मी मनात खूश, की अखेर अशोक पगारेने दिल्या निकमला पास केलं. म्हणून मी सासूबाईंकडे गेलो नाही. आणि ती सीडी उघडी राहिलीय हे माझ्या डोक्यातून पार निघून गेलं. उघडी राहिलेली सीडी जिथं लिहिली तिथं उघडते. दुसरीकडे ती कोरी दिसते. हे मला तूच शिकवलंस, चांदवडच्या त्या बाई गेल्यावर लगेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला तुझा फोन आला. "दिल्या, दुसरी सीडी लागेल."

"का? काय झालं?"

"स्क्रॅच पडला रे. माझ्याच हातून. पिशवीत किल्ल्या होत्या."

"मेलने पाठवतो ना. अर्ध्या तासात पाठवतो."

"ओपीडी संपली. डॉक्टर आज परदेशी चाललेत. तीन आठवड्यांनी बोलावलंय." मग म्हणालास, "जेवलास का?"

मी फोन ठेवला आणि आधी सुटकेचा श्वास सोडला. माझी चूक नव्हती तर, तुझ्या किल्ल्यांची होती. मग दुसरी सीडी करायला बसलो, प्रोग्रॅम उघडला, आणि तो चौकोन समोर आला. त्यात टिक तशीच होती.

ती टिक तशीच असताना आदल्या संध्याकाळी तुझ्यानंतर आणखी दोन सीड्या गेल्या होत्या, त्याही सासूबाईंना न दाखवता. एक इगतपुरीच्या रेल्वेतल्या माणसाची, एक मनमाडच्या बाईंची. दोघांना मी दहा मिनिटांत फोन केला. माझ्याकडून चूक झाली, सीडी उघडी राहिलीय, परत घेऊन या, मी बदलून देतो, माफ करा. इगतपुरीचा माणूस म्हणाला, "होतं हो साहेब, माणूसच आहे." मनमाडच्या बाईंनी दोन शब्द सुनावले, तेही मी ऐकून घेतले. दोन परक्या माणसांची मी भरभर माफी मागितली. तुला फोन केला नाही.

त्यानंतर तीन आठवडे तू घरी होतास. मी रोज येत होतो. वहिनी लिंबू-पाणी करायच्या, आपण टीव्हीवर मॅच लावायचो, आणि मी रोज तुझ्या दारात चप्पल काढताना ठरवायचो की आज सांगतो. मग तू दारात दिसायचास, कालच्यापेक्षा बारीक, आणि मी स्कोर विचारायचो.

तीन आठवड्यांनी मुंबईत पुन्हा स्कॅन झाला. यकृतावर ठिपके आले होते. सर्जन म्हणाले, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. मी ते दोन्ही स्कॅन मॅडमना शेजारी शेजारी लावून दाखवले. विचारलं, मॅडम, हे ठिपके तीन आठवड्यांपूर्वी होते का? त्यांनी बराच वेळ बघितलं. "निकम, सांगता येत नाही. असतीलही, आणि दिसले नसतील. नसतीलही." त्या मायाळू बाई आहेत, आधीचं ते मला धीर द्यायला म्हणाल्या असतील. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासून फक्त 'नसतीलही' राहिलंय. सकाळी दाढी करताना ते असतं, आणि सेंटरवर पाकिटावर नाव लिहिताना असतं.

मला तुझा रागही येतो. येऊ दे. तुला कुणी सांगितला होता हा मोठेपणा करायला? वहिनींनी मला नंतर सगळं सांगितलं, त्यांना काही माहीत नसताना. तू तिथल्या तीन कॉम्प्युटरवर ती सीडी लावून बघितलीस. मग खिडकीशी जाऊन उजेडाला धरलीस. तिथं तुला कळलं असणार. लिहिलेला भाग वेगळा दिसतो, एवढा मोठा गडद पट्टा, आणि सीडी तरी कोरी म्हणते. वीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला दुसरं काय सांगावं लागतं? "मग ते बराच वेळ बाकावर गप्प बसले," वहिनी म्हणाल्या, "आणि म्हणाले, शोभा, माझ्याकडून स्क्रॅच पडला." त्या बराच वेळात तू काय विचार केलास, अशोक? तेव्हाच मला फोनवर चार शिव्या घातल्या असत्यास तर आज मी तुझ्यासमोर ताठ उभा असतो. तू माझं नाव वाचवलंस आणि तुझं घालवलंस, तेही कुणाजवळ, तर बायकोजवळ. परतीच्या गाडीत वहिनी कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत तुला बोलत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनीच सांगितलं. तू खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलंस.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी एकदा धीर केला होता. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. मी म्हणालो, "अशोक, त्या सीडीचं..."

तू डोळे मिटलेलेच ठेवलेस. "सासूबाईंचा सेल बदल," म्हणालास. "घड्याळ मागं पडतंय. तारीख चुकीची दाखवते."

मी म्हणालो, बदलतो. तू मला तोंड उघडू दिलं नाहीस असं मी गेले काही दिवस स्वतःला सांगतोय. पण तू सेलचं बोलून झाल्यावर पुरती दहा मिनिटं आपण दोघंच होतो. मला कुणी अडवलं नव्हतं.

परवा कार्यक्रमात वंदना झाली, पांढऱ्या साडीतल्या वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या. कुणीतरी विचारलं, एवढ्या लवकर कसं झालं? वहिनी म्हणाल्या, "काय सांगायचं. दुसऱ्यांच्या हजारो सीड्या जपल्या, स्वतःची एक सांभाळता आली नाही. तीन आठवडे गेले त्यात." कुणी म्हणालं, असतात पुरुष असे वेंधळे. तुझा फोटो समोर होता, हार घातलेला, आणि त्याच्यासमोर तुला वेंधळा म्हणत होते. तुला! ज्याने चांदवडला जाऊन सीडी पोचवली त्याला. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो पिऊन टाकला. माझ्याइतका भेकड माणूस त्या मांडवात दुसरा नव्हता.

काल सकाळी मी उपनगरला तुझ्या घरी गेलो. वहिनी तुझे शर्ट घड्या करून पिशवीत भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा राहिलं असतं. टिक, उघडी सीडी, सासूबाई, किल्ल्या, सगळं. त्यांच्या हातातली घडी तशीच राहिली.

"म्हणजे स्क्रॅच नव्हताच?"

"नव्हता, वहिनी."

"मी त्यांना गाडीत निष्काळजी म्हणाले, भाऊजी. म्हणाले, तुम्हाला जगायचंच नाही." त्या शर्टाकडे बघत होत्या. "आणि ते ऐकत बसले."

मला वाटलं होतं, सांगितलं की माझं ओझं उतरेल. उतरलं ते त्यांच्या अंगावर पडलं. आधी त्यांच्याकडे निदान तुझ्यावर रागावायची सोय होती.

"ते असताना का नाही बोललात?"

"भीती वाटली."

"कुणाची? त्यांची?" वहिनींनी हसल्यासारखं काहीतरी केलं. "ते तुम्हाला काय करणार होते?"

मग त्या म्हणाल्या, "मला दाखवा ती सीडी. तुमच्या तिथं. मला बघायचंय."

आज दुपारी त्या सेंटरवर आल्या. मी त्यांना तुझ्या खुर्चीवर बसवलं. सकाळी येऊन मी सासूबाईंचा सेल बदलला होता, तारीख आता बरोबर दाखवतेय, तेवढं तुझं सांगणं उशिरा का होईना पाळलं. मी ती सीडी आधी सासूबाईंमध्ये घातली. घरघर झाली आणि पडद्यावर आलं, सीडी कोरी आहे. वहिनींनी वाचलं. मग ती काढून माझ्या मशीनमध्ये घातली. उघडली. वहिनींनी तेही बघितलं.

"आता?" त्या म्हणाल्या.

"आता हे बटण दाबायचं. सीडी बंद करायचं."

"दाबा."

मी दाबलं. आणि तू शिकवलंस तसा टेबलावरून हात काढून घेतला. वहिनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. बाहेर कुणीतरी नंबर विचारत होतं, कुणीतरी पोराला रागवत होतं. मग ट्रे बाहेर आला. मी सीडी कडेने उचलली, पण वहिनींनी हात पुढे केला, म्हणून त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती तुझ्यासारखी कडेने धरून सासूबाईंमध्ये ठेवली.

सासूबाईंनी वेळ घेतला. मग उघडली. तुझं नाव, वय चोपन्न, तारीख. वहिनींनी पडद्यावर तुझ्या नावावर बोट ठेवलं.

"किती वेळ लागला हो?"

"दोन मिनिटं."

"एवढंच होतं?"

"हो वहिनी. एवढंच होतं."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि उठल्या. सीडी स्वतःच काढून पाकिटात घातली, पर्समध्ये ठेवली. पर्समधल्या किल्ल्या आधी बाहेर काढून दुसऱ्या कप्प्यात टाकल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागं वळल्या.

"मी त्यांना चारचौघांत नावं ठेवलीत, भाऊजी. आता तुम्ही चारचौघांत सांगा."

म्हणून रविवारी विहारात मी हे वाचणार आहे, अशोक, सगळंच्या सगळं. वहिनी पुढे बसणार आहेत. वाचता येईल की नाही माहीत नाही, पण आधी एक वाक्य उभं राहून, मोठ्याने म्हणायचं ठरवलंय. अशोक पगारेच्या सीडीवर स्क्रॅच नव्हता. ती सीडी मी केली होती.

तुझा,
दिल्या